यू वृक्षाची चौथी गोष्ट

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुतकथेचे वैद्यकीय स्मरणिकेत काय काम, असा प्रश्न आमच्या काही व्यवसायबंधूंना पडेल. पॅट्रिक नेस यांच्या ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) या इंग्रजी कादंबरीत एक रुग्ण आहे, एक औषध आहे, आणि ज्याची नाडी कोणीच पाहत नाही असा तेरा वर्षांचा एक मुलगाही आहे. बालरोगतज्ज्ञाचे लक्ष साहजिकच त्या मुलाकडे जाते.

या कथेची मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. स्तनाच्या कर्करोगाने २००७ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पात्रे आणि आरंभ त्यांच्याजवळ तयार होता. आयुष्य मात्र पुरले नाही. ते बीज नेस यांनी आपल्या पद्धतीने वाढवले आणि जिम के यांनी त्याला काळ्या शाईची गडद चित्रे दिली. लेखनाचे कार्नेगी पदक आणि चित्रांचे केट ग्रीनअवे पदक असे दोन्ही मान २०१२ साली एकाच पुस्तकाला मिळाले. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

कॉनर हा इंग्लंडमध्ये आईसह राहणारा मुलगा. वडील अमेरिकेत, दुसऱ्या संसारात. आईचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत आणि आजीशी त्याचे पटत नाही. एका रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरील यूचे झाड राक्षसाचे रूप घेऊन खिडकीशी येते. मी तीन गोष्टी सांगेन, चौथी तू सांगायची, आणि ती खरी असली पाहिजे, असा त्याचा करार असतो.

दुसरी गोष्ट आपण डॉक्टरांनी मुद्दाम वाचावी. एक लोभी, तिरसट वैद्य आणि एक सज्जन धर्मगुरू. यूपासून औषधे करण्यासाठी वैद्य ते झाड मागतो. धर्मगुरू नाकारतो आणि लोकांनाही त्याच्यापासून तोडतो. पुढे स्वतःच्या दोन मुली आजारी पडताच तोच धर्मगुरू झाडही द्यायला निघतो आणि आपली श्रद्धाही सोडायला. वैद्य मदत करत नाही, मुली दगावतात, आणि राक्षस घर पाडतो ते धर्मगुरूचे! हा निवाडा मला अजूनही पुरता पचलेला नाही.

यू हे झाड निवडण्यात लेखकाने औचित्य साधले आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात आढळणाऱ्या या झाडाची पाने विषारी. त्यांतील टॅक्सीन हृदयाची गती बिघडवते. त्याच पानांतील एका घटकापासून डोसेटॅक्सेल तयार केले जाते. पॅक्लिटॅक्सेल आले ते त्याच्या अमेरिकन भाईबंदाच्या, पॅसिफिक यूच्या सालीतून. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी नॉर्थ कॅरोलिनामध्ये ते वेगळे करून १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. यांपैकी डॉ. वाणी जन्माने नंदुरबारचे आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. आपल्यापैकी किती जण हे औषध लिहून देताना नंदुरबारची आठवण ठेवतात?

कादंबरीत आईचे अखेरचे औषध यूपासूनच केलेले असते. साहजिकच कॉनरला वाटते, राक्षस आईला बरे करायला आला आहे. औषध लागू पडत नाही. राक्षस आलेला असतो तो कॉनरसाठी. चौथी गोष्ट म्हणजे कॉनरचे रोजचे दुःस्वप्न: कड्यावरून आई खाली जाते आहे, तिचा हात त्याच्या हातात आहे, आणि तो हात सोडतो. हे सारे एकदाचे संपावे असे त्याला वाटले होते, म्हणून आपण शिक्षेला पात्र आहोत असे तो धरून चालतो. त्याने आजीची बैठकीची खोली उद्ध्वस्त केली, वर्गातल्या मुलाला इस्पितळात पोहोचवले, तरी सगळे कीव करतात. शिक्षा कोणीच देत नाही. आई जगावी आणि यातना संपाव्यात, या दोन्ही इच्छा एकाच मनात खऱ्या असू शकतात, हे त्याला राक्षसाकडून कळते.

बाह्यरुग्ण विभागात कॉनर आपल्यालाही भेटतो. कधी पोटदुखी घेऊन, कधी डोकेदुखी, कधी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले म्हणून. तपासण्या निर्दोष येतात. घरात कोण आजारी आहे, हा प्रश्न विचारल्यावर बरोबर आलेली आत्या डोळ्यांनी खुणावते : मुलासमोर नको.

येथे बडोद्यात मराठी घरातले मूल आईशी मराठीत, गल्लीत गुजरातीत आणि शाळेत इंग्रजीत बोलते. आजाराच्या बाबतीत मात्र त्याच्या कानी दोनच भाषा येतात. एक घरातली मराठी : ‘आईला जरा बरं नाही’, ‘आजोबा देवाघरी गेले’. दुसरी दाराआडून ऐकलेली इंग्रजी : ‘मेटास्टॅसिस’, ‘पॅलिएटिव्ह’. पहिलीत माया आहे पण माहिती नाही. दुसरीतली माहिती त्याला उद्देशून नाही. चार वर्षांचे मूल ‘देवाघरी’ ऐकून परत कधी येणार असे विचारते, आणि ‘झोपले’ म्हटले तर स्वतः झोपायला घाबरते. सात-आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना मरण परतीचे नसते हे कळलेले असते. तेराव्या वर्षी तर सगळेच कळते, फक्त बोलायला माणूस नसतो. म्हणून साध्या मराठीत, आजाराचे नाव घेऊन, ‘औषधे चालू आहेत, पण आई बरी होईलच असे नाही, आणि तुझ्यामुळे हे झालेले नाही’ इतके कोणीतरी सांगावे. ते आईवडिलांनीच सांगितले तर उत्तम. त्यांना जमत नसेल तर शेजारी बसून आपण सांगावे. पाच मिनिटे लागतात.

पुस्तक साधारण बारा वर्षांपुढच्या मुलांना द्यावे. घरात गंभीर आजार चालू असेल तर मोठ्यांनी आधी स्वतः वाचावे आणि मूल वाचत असताना जवळपास असावे. २०१६ साली बायोना यांनी यावर काढलेला चित्रपटही चांगला आहे, पण आधी पुस्तक. जिम के यांच्या चित्रांची आवृत्ती मागून घ्यावी. चित्रांविना छापलेलीही मिळते, ती नको. इंग्रजी सोपे आहे, एका रात्रपाळीत वाचून होते.