शिक्षकाने मुलाला धरून ठेवलं तर? मारणं, आवरणं आणि कोंडणं

इयरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ‘ऐकण्यापेक्षा वाचते’ म्हणणाऱ्यांसाठी हा या आठवड्याचा भाग लेखी स्वरूपात. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.

विषय एका श्रोत्या ताईच्या व्हॉइस मेसेजवरून सुचला. ताई एका शाळेत शॅडो टीचर आहे. म्हणजे वर्गात एकाच मुलाच्या सोबतीला बसणारी मदतनीस शिक्षिका. तिच्याकडे दुसरीतला एक स्वमग्न मुलगा आहे. मधल्या सुट्टीची घंटा त्याला सहन होत नाही. ती वाजली की तो कान दाबून थेट गेटकडे पळतो, आणि गेटबाहेर वाहता रस्ता. एक दिवस तिने त्याला मागून मिठी मारून धरलं. तो ओरडला, तिला चावला. दोनेक मिनिटं हे चाललं, मग तो शांत झाला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “घरी काही सांगू नकोस, उगाच तमाशा होईल.” ताईचा प्रश्न एवढाच: “मी चुकले का?”

माझं उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. धरलंस ते चुकलं नाही. घरी सांगितलं नाही, ते चुकलं.

आता आपला कायदा बघू. शिक्षण हक्क कायदा, 2009. त्याचं कलम 17 म्हणतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. छडी, कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं, सगळं बंद. (बंद झालंय का हा वेगळा भाग होईल, आणि तो लांबेल.) पण हे कलम शिक्षेबद्दल बोलतं. ताईने शिक्षा केलीच नव्हती, तिने मुलाला रस्त्यावर जाण्यापासून अडवलं. असं कधी धरायचं, कसं, किती वेळ, नंतर कुणाला सांगायचं, यावर हा कायदा गप्प आहे. भारतीय न्याय संहितेत कलम 126 आणि 127 आहेत, कुणाला बेकायदेशीरपणे अडवणं आणि डांबून ठेवणं यासाठी. पण ती सगळ्यांसाठीची फौजदारी कलमं आहेत. घंटा वाजल्यावर ताईने काय करावं हे ती सांगत नाहीत.

मग हे कुणी लिहून ठेवलंय का? इंग्लंडने ठेवलंय. स्कॉटलंडचं वेगळं आहे, म्हणून मी फक्त इंग्लंडबद्दल बोलतेय.

तिथे सरकारी शाळांतली छडी 1987 मध्ये गेली, खासगी शाळांतली 1999 मध्ये. त्यानंतर 2006 च्या एका शिक्षण कायद्याने कलम 93 मध्ये शिक्षकांना मर्यादित अधिकार दिला. मूल गुन्हा करत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, मालमत्तेचं नुकसान करत असेल किंवा शाळेची शिस्त मोडत असेल, तर ते थांबवण्यापुरतं ‘वाजवी बळ’ वापरता येतं. वाजवी म्हणजे गरजेपुरतंच, आणि गरज संपली की सोडायचं. शिक्षा म्हणून बळ वापरणं मात्र तिथे कधीच कायदेशीर नाही. यातलं ‘शिस्त’ हे शेवटचं कारण मला फार सैल वाटतं. शिस्तीच्या नावाखाली काय काय बसवता येतं हे आपल्याला शाळेतून आठवत असेलच.

त्यांच्या शिक्षण खात्याने 2013 मध्ये शाळांना दिलेल्या सूचनांमधली एक गोष्ट मला आवडली. ‘आमच्याकडे मुलांना अजिबात हात लावायचा नाही’ असा सरसकट नियम शाळांनी करू नये, असं त्या सांगत होत्या. कारण मग खरोखर धोका असतानाही शिक्षक हात बांधून उभे राहतील. आपल्याकडे तक्रारींच्या भीतीने नेमकं हेच होऊ शकतं.

त्याच सूचनांमध्ये धरण्याच्या काही पद्धती धोक्याच्या म्हणून नावानिशी दिल्या होत्या. इथे जरा थांबते, कारण हे प्रत्येक ताई-दादाला माहीत हवं. एक पद्धत अशी: दोन मोठी माणसं मुलाच्या दोन बाजूंना बसतात, त्याला मध्ये आवळतात आणि पुढे वाकवतात. दिसायला साधं वाटतं. पण वाकलेल्या स्थितीत पोट आणि छाती दाबली जाते, फासळ्या आणि श्वासपटल पुरेसं हलत नाही. घाबरलेल्या, झटापट करणाऱ्या मुलाला हवा जास्त लागते, आणि तेव्हाच ती कमी मिळते. मुलाला पालथं पाडून पाठीवर भार टाकणं तर त्याहून वाईट. “ओरडतोय ना, म्हणजे श्वास चालू आहे” हा भ्रम आहे. ओरडणाऱ्या मुलाचाही श्वास कोंडत असू शकतो. अमेरिकेत संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2009 मध्ये शाळांमधल्या अशा प्रकारांचा अहवाल दिला, त्यात मुलांचे मृत्यूही होते.

अमेरिकेचाच आणखी एक आकडा. 2017-18 या एका शालेय वर्षात तिथे एक लाखाहून जास्त मुलांना धरून ठेवलं गेलं किंवा कोंडलं गेलं. त्यातली दहापैकी जवळपास आठ मुलं अपंगत्व असलेली होती. म्हणजे ज्यांना आपली बाजू सांगता येणं सर्वांत अवघड, त्यांच्यावरच हे सर्वांत जास्त होतं. आपल्या ताईकडचा मुलगा घरी जाऊन “आज मला धरलं होतं” असं सांगू शकेलच असं नाही. आई रात्री कपडे बदलताना दंडावरचा लाल वण बघेल आणि मनात नको ते येईल.

म्हणून नोंद आणि घरी कळवणं. इंग्लंडच्या कायद्यात ही तरतूद 2009 मध्येच घातली गेली आणि पुढे वर्षानुवर्षं नुसती कागदावर पडून राहिली. 2021 मध्ये तिथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगाने चौकशी केली तेव्हा शाळागणिक नोंदीची तऱ्हा वेगळी निघाली, आणि आयोगाने नोंद सक्तीची करा असं सांगितलं. शेवटी 1 एप्रिल 2026 पासून ती बंधनकारक झाली. मोठी घटना घडली की लिहायचं आणि पालकांना लवकरात लवकर कळवायचं. मुलाला खोलीत एकटं ठेवून बाहेर पडू न देणं, म्हणजे कोंडणं, तेही यात आलं. घरी कळवल्याने मुलालाच गंभीर धोका असेल, तर पालकांऐवजी स्थानिक प्रशासनाला कळवायचं.

“आपल्याकडे हे कुठे शक्य आहे?” असं म्हणू नका. आपल्याकडे लिहिलेलं आहे, फक्त शाळांसाठी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 97. हे मनोरुग्णालयांना लागू होतं. रुग्णाला एकटं कोंडायचं नाही. बांधायचं किंवा धरून ठेवायचं तर समोर आलेला तात्काळ धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तरच, आणि अगदी गरजेपुरता वेळ. शिक्षा किंवा धाक म्हणून नाही. माणसं कमी आहेत म्हणूनही नाही! नोंद करायची आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं. साठ मुलांच्या वर्गातल्या बाईंना “माणसं कमी आहेत” ही सबब किती जवळची वाटेल हे मी समजू शकते. पण रुग्णालयातल्या मोठ्या माणसाला कायद्याने जे संरक्षण आहे, ते दुसरीतल्या मुलाला नसावं हे मला पटत नाही.

तर ताई, आजच एक वही घे. तारीख, वेळ, आधी काय झालं (घंटा!), तू कुठून आणि कसं धरलंस, किती मिनिटं, तुला किंवा त्याला काही लागलं का, आणि तो कशाने शांत झाला. मुख्याध्यापकांची सही घे. त्याच दिवशी त्याच्या आईला फोन कर, वर्गशिक्षिका सोबत असतील तर उत्तम. आणि शाळेला विचार, की घंटेच्या पाच मिनिटं आधी त्याला मागच्या दाराने मैदानाच्या शांत कोपऱ्यात नेता येईल का, कानाला हेडफोन लावून. त्या वेळात गेटची कडी लावलेली असेल, तर धरायची वेळच कमी येईल.