डुकरांचा ताप आणि हेपरिनची कुपी

डायलिसिस सुरू करताना परिचारिका यंत्राच्या नळीत एक औषध सोडते. शरीराबाहेर फिरणारे रक्त नळीत गोठू नये म्हणून ते लागते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत, अतिदक्षता विभागात, पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णासाठीही तेच औषध वापरतात. त्याचे नाव हेपरिन. २०२०च्या जूनअखेर, करोनाची पहिली लाट चढत असताना, केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हेपरिनची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवायला परवानगी दिली. चीनमधून येणारा कच्चा माल फार महागला होता. हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, आणि त्याआधीच्या दोन वर्षांत चीनमधली डुकरे कोट्यवधींच्या संख्येने नाहीशी झाली होती. जन्मात कधी डुकराचे मांस न खाल्लेल्या माणसाच्या रक्ताशी डुकराच्या रोगाचा संबंध येतो, तो असा.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २००६ साली चीनच्या दक्षिण भागात डुकरांना कडक ताप येऊ लागला. कान निळे पडत, गाभण माद्या गाभडत, वीस लाखांहून अधिक डुकरे आजारी पडली. ‘निळ्या कानाचा रोग’ या नावाने तो ओळखला जातो; पशुवैद्यकात त्याला पीआरआरएस म्हणतात. डुकरे कमी झाली, आतडी महागली. २००८च्या सुरुवातीला अमेरिकेत हेपरिन टोचल्यावर काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळू लागला, काही दगावले. तपासात चिनी कच्च्या मालात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटचा एक रासायनिक बदल केलेला प्रकार मिसळलेला निघाला. नेहमीच्या चाचणीत तो हेपरिनसारखाच दिसत होता. टंचाईच्या काळात केलेली ही स्वस्तातली भेसळ होती, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

दहा वर्षांनी आलेले संकट मात्र निळ्या कानापेक्षा कितीतरी मोठे होते. त्याचे नाव आफ्रिकन स्वाइन फीवर. आपल्याकडे ‘स्वाइन’ हा शब्द ऐकला की २००९ सालचे पुणे आणि तोंडावरच्या पट्ट्या आठवतात. त्या स्वाइन फ्लूचा आणि या तापाचा काही संबंध नाही. हा विषाणू माणसाला बाधत नाही. बाधित डुकराचे मांस चुकून खाल्ले तरी बाधत नाही. हे दिलासा देणारे खरेच, पण त्यामुळेच आरोग्याच्या पानावर या रोगाला जागा मिळत नाही.

रोगाची पहिली नोंद केनियातली, १९२१ची. तिथे वसाहतवाल्या गोऱ्यांनी युरोपातून नेलेली डुकरे पटापट मरत होती आणि शेजारच्या रानातली वॉर्टहॉग ही रानडुकरे मात्र ठणठणीत होती. या रानडुकरांच्या बिळांत राहणाऱ्या मऊ कवचाच्या गोचिडी आणि वॉर्टहॉग यांच्यात हा विषाणू पिढ्यानपिढ्या नांदत आला होता. पाळीव डुकराशी मात्र त्याची ओळख नव्हती. पाळीव डुकराला कडक ताप येतो, कातडीवर लाल-जांभळे डाग उठतात, ते खाणे सोडते आणि आठवडा-दोन आठवड्यांत मरते. तीव्र साथीत शंभरातले जवळजवळ शंभर मरतात.

आफ्रिकेबाहेर तो निघाला तो माणसाच्या उष्ट्यामुळे. १९५७ साली लिस्बनच्या विमानतळाजवळ विमानातले उरलेले अन्न डुकरांना घातले गेले, आणि रोग पोर्तुगालमध्ये शिरला. १९६०मध्ये तो पुन्हा आला, आणि स्पेन व पोर्तुगालला त्यातून बाहेर पडायला १९९५ उजाडले. मग २००७मध्ये काळ्या समुद्रावरच्या जॉर्जिया देशात तो उतरला. जहाजावरच्या खरकट्यातून, असा तज्ज्ञांचा कयास आहे. तिथून रशिया, पूर्व युरोप, आणि ऑगस्ट २०१८मध्ये चीनच्या ईशान्येकडचे शेनयांग.

हा विषाणू इतका चिवट का, हे समजले की पुढचे सारे समजते. थिजवलेल्या मांसात तो वर्षानुवर्षे टिकतो. खारवलेल्या, सुकवलेल्या मांसात महिनोनमहिने टिकतो. रक्त लागलेल्या ट्रकच्या फळीवर, बुटाच्या तळव्यावर, दोरीवर राहतो. हवेतून दूरवर उडत जाणारा हा रोग नाही. खुरकुतासारखा तो पसरत नाही. त्याला वाहन लागते, आणि ते वाहन बहुतेक वेळा माणूस असतो. शेनयांगनंतर पंधरवड्यातच मध्य चीनमधल्या झेंगझोऊच्या कत्तलखान्यात डुकरे मेली. ती दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या हेलुंगज्यांग प्रांतातून ट्रकने आली होती. रोग पायी चालत गेला असता तर त्याला हे अंतर कापायला किती वर्षे लागली असती!

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. २०१९ या एका वर्षात मंगोलिया, व्हिएतनाम, कंबोडिया, उत्तर कोरिया, लाओस, फिलिपिन्स, म्यानमार, दक्षिण कोरिया, पूर्व तिमोर आणि इंडोनेशिया यांची नावे यादीत आली. व्हिएतनामने त्या वर्षी साठ लाखांच्या आसपास डुकरे मारून पुरली. चीनमध्ये जगातली जवळपास निम्मी डुकरे होती. त्या देशाचे डुकराच्या मांसाचे उत्पादन २०१८मध्ये ५ कोटी ४० लाख टन होते, ते २०१९मध्ये सव्वाचार कोटी टनांवर आले. भाव दुपटीहून वर गेला. चिनी भाषेत नुसते ‘मांस’ म्हटले की डुकराचेच समजतात, हे लक्षात घेतले तर त्याची झळ कळते. परसात चार-दोन डुकरे पाळणारे लक्षावधी लोक या धंद्यातून उठले, आणि हुबेई प्रांतात डुकरांसाठी २६ मजली इमारत उभी राहिली. बाहेरच्या माणसाचा, उंदराचा, धुळीचा स्पर्श होऊ नये म्हणून ही उंची. रोग आवाक्यात येईलही, पण तो कोणाच्या जिवावर, हा प्रश्न तिथे फारसा विचारला गेलेला दिसत नाही.

भारतात तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून शिरला. २०२०च्या सुरुवातीला अरुणाचल आणि आसामच्या सीमेवर डुकरे मरू लागली. आधी सगळ्यांना वाटले, हा नेहमीचाच जुना स्वाइन फीवर. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने नमुने तपासून आफ्रिकन असल्याचे सांगितले, तोवर टाळेबंदी लागली होती. नदीतून डुकरांची प्रेते वाहत आली. काझीरंगातल्या रानडुकरांपर्यंत रोग पोहोचू नये म्हणून आगराटोली भागात सहा फूट खोल आणि सुमारे दोन किलोमीटर लांब चर खणण्यात आला.

ईशान्येत डूक्कर म्हणजे काय, हे आपल्याला उमगायला जरा कष्ट पडतात. २०१९च्या पशुगणनेत देशात ९० लाख डुकरे होती, त्यांतली २१ लाख एकट्या आसामात. घरामागे एक-दोन डुकरे, त्यांना अळूची पाने, भाताची पेज, घरातले उष्टे. सांभाळतात मुख्यतः बायका. शाळेची फी, दवाखाना, लग्न, नाताळ असे काही आले की डूक्कर विकायचे. आपल्याकडे जशी भिशी, तशी तिकडची ही ठेव. फरक एवढाच, की ही ठेव आठ दिवसांत मरून जाऊ शकते. मिझोराममध्ये मार्च २०२१मध्ये लुंगलेई जिल्ह्यातल्या लुंगसेन गावी रोग दिसला, आणि त्या एका वर्षात ३३ हजारांहून अधिक डुकरे मेली, दहा हजारांहून अधिक मारावी लागली. ते राज्य केवढेसे! त्यानंतरही रोग तिथे पुन्हा पुन्हा उसळत राहिला आहे.

सरकारी आराखडा असा आहे : जिथे रोग सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतली सारी डुकरे मारायची, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. मारलेल्या डुकरांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देते. पण रोगाने आपोआप मेलेल्या डुकराला भरपाई नाही. आता त्या घरातल्या बाईच्या जागी बसून विचार करा. डूक्कर आज सकाळी खाईनासे झाले आहे. कळवले तर पशुवैद्यकीय पथक येणार, नमुना प्रयोगशाळेत जाणार, अहवाल येईपर्यंत आपले मरणार आणि त्याचे काही मिळणार नाही. वर शेजाऱ्यांची धडधाकट डुकरे आपल्यामुळे मारली जाणार. न कळवता संध्याकाळी व्यापाऱ्याला दिले, तर निदान काही हजार हाती पडतील. ती काय करेल? आणि ते मांस पुढच्या गावाच्या बाजारात जाईल, त्याचे उष्टे पुढच्या डुकराच्या पुढ्यात. चीनमध्ये सुरुवातीच्या काळात हेच झाले. भरपाईचा हा नियम लिहिणाऱ्यांना विषाणू चांगला कळत असावा, पण कर्जबाजारी कुटुंबाचा हिशोब नाही, असे मला तरी वाटते.

मग लस का नाही? जुन्या स्वाइन फीवरवर आहे की! त्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतात ही लस अनेक दशके सशांच्या शरीरात वाढवलेल्या विषाणूपासून बनत असे. एका सशापासून जेमतेम ५० मात्रा निघत, आणि देशाला वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास मात्रा हव्या होत्या. गणित कधीच जुळणारे नव्हते. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पेशींमध्ये वाढवलेली लस तयार केली, तेव्हा सशांची सुटका झाली; ही नवी लस २०२०मध्ये आली. म्हणजे जुन्या तापावर पुरेशी लस हाती येते न येते तोच नवा ताप दारात उभा होता.

नाव सारखे असले तरी हे दोन विषाणू एकमेकांचे कोणी लागत नाहीत. जुन्याचा जनुकीय मजकूर छोटा, आरएनएचा. आफ्रिकन तापाचा डीएनएचा, आणि भलामोठा : दीडशेहून अधिक जनुके. शिवाय तो घर करतो तेच मुळी शरीराच्या शिपायांत, जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींत. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, पण ती त्याला निकामी करत नाहीत. मेलेला विषाणू टोचून काही साधत नाही, हे बऱ्याच प्रयोगांत दिसले. उरतो जिवंत पण दुबळा केलेला विषाणू, आणि तिथे भीती वेगळी. १९६०च्या दशकात पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये अशी लस देऊन पाहिली, तेव्हा पुष्कळ डुकरांना लशीनेच रेंगाळणारा आजार जडला.

अमेरिकेतल्या प्लम आयलंड इथल्या संशोधकांनी जॉर्जियात सापडलेल्या विषाणूतून एक जनुक काढून टाकले आणि तो दुबळा झाला. त्यावरून व्हिएतनामने लस बनवली आणि जून २०२२मध्ये तिला परवानगी दिली. ती आठ-दहा आठवड्यांच्या, मांसासाठी वाढवायच्या पिल्लांसाठी होती. लोकांनी ती माद्यांनाही टोचली, लहानमोठ्या सगळ्यांना टोचली. शेकडो डुकरे मेली आणि ऑगस्टमध्ये वापर थांबवावा लागला. चुका तपासून २०२३च्या जुलैमध्ये दोन लशींना देशभर विक्रीची मुभा मिळाली. फिलिपिन्सने २०२४मध्ये बाटांगास प्रांतात त्यांतली एक सरकारी देखरेखीखाली द्यायला सुरुवात केली.

इतक्यात विषाणूही थांबलेला नाही. चीनमध्ये काही जनुके गळालेले, सौम्य आजार देणारे प्रकार सापडले; ते चोरून विकल्या गेलेल्या लशींतून सुटले असावेत असा संशय आहे. सौम्य म्हणजे बरे, असे इथे नाही. डूक्कर मरत नाही, म्हणून कोणाला कळत नाही आणि रोग गुपचूप पसरतो. पुढे दोन जुन्या प्रकारांच्या संकरातून एक जहाल प्रकार निघाला. २०२३मध्ये चीनमधून त्याची माहिती प्रसिद्ध झाली, मग तो व्हिएतनाममध्येही आढळला. एका प्रकारावर बेतलेली लस या संकरावर पुरी पडत नाही. प्रयोगशाळेत दहा वर्षे राबायचे आणि शत्रूने वेश बदलायचा, हे आता आपल्या ओळखीचे झाले आहे.

माणसाला बाधत नाही म्हणून या रोगाकडे काणाडोळा करणाऱ्यांनी मलेशियातले १९९८-९९चे वर्ष आठवावे. इपोहच्या परिसरात वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. सरकारला वाटले, डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर. डुकरे हा त्या विषाणूचा जुना आसरा, तेव्हा तर्क चुकीचा नव्हता. फवारण्या झाल्या, लशी टोचल्या. आजारी पडत होते ते मात्र डुकरांच्या जवळ वावरणारे प्रौढ पुरुष. त्याच घरातली पोरे, डास चावूनही, ठीक होती. मलाया विद्यापीठातल्या डॉ. चुआ कॉ बिंग यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून वेगळाच विषाणू मिळवला. सुंगाई निपाह या गावावरून त्याचे नाव निपाह पडले. फळे खाणारी वटवाघळे, गोठ्यावर वाकलेली फळझाडे, खाली पडलेली उष्टी फळे आणि ती खाणारी डुकरे, अशी ती साखळी. २६५ जणांना लागण झाली, १०५ मेले, दहा लाखांहून अधिक डुकरे मारली गेली. हाच निपाह २०१८मध्ये केरळात आला, तेव्हा निदानात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा मोठा हातभार होता. पुढे याच संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही त्याच्या खुणा सापडल्या.

इपोहमध्ये वेगळे काहीतरी चालले आहे, हे आधी कळले ते डुकरांच्या खोकल्यावरून. दूरवर ऐकू जाईल असा, भुंकल्यासारखा तो खोकला होता. वराहपालकांनी तो ओळखला होता, पण लिहून ठेवणारा कोणी नव्हता. आसामात आज अशी नोंद ठेवण्याची निकड वेगळ्याच एका प्राण्यासाठी आहे. मानसच्या गवताळ रानात पिग्मी हॉग नावाचे जगातले सर्वांत छोटे डूक्कर राहते, जेमतेम फूटभर उंचीचे. रानात ती काहीशेच उरली आहेत. गुवाहाटीजवळच्या प्रजनन केंद्रात वाढवून त्यांना पुन्हा गवतात सोडायचे काम दोन दशकांहून अधिक काळ चालले आहे. २०२०पासून तिथे जाणाऱ्या माणसाला बूट धुवूनच आत जावे लागते. लस त्यांच्यासाठी नाही, आणि भरपाईचा तर प्रश्नच येत नाही.