अमेरिकेच्या वाळवंटात तंबूचा मुक्काम : पाण्याचा हिशेब दोघांचा

न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स हा पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये एक फ्रेंच जोडपे आपल्या नऊ वर्षांच्या मुलासह तेथील एका पायवाटेवर निघाले. वाट जाऊन-येऊन सुमारे साडेसात किलोमीटरची आणि जवळ पाण्याच्या दोन लहान बाटल्या. वाटेत पत्नीला बरे वाटेना, म्हणून ती एकटीच मोटारीकडे परत फिरली. पती आणि मुलगा पुढे चालत राहिले. उन्हाने पती-पत्नी दोघांचाही बळी घेतला. मुलगा तेवढा वाचला. त्या दिवशी तापमान होते सुमारे ३८ अंश सेल्सिअस.

मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या नागपूर-चंद्रपूरच्या वाचकाला हा आकडा फारसा भयंकर वाटणार नाही. परंतु विदर्भातला माणूस भर दुपारी शक्यतो घराबाहेर पडत नाही. पडलाच तर डोक्याला दुपट्टा असतो आणि वाटेत एखादे झाड, टपरी किंवा पाणपोई भेटते. व्हाइट सँड्सच्या त्या वाटेवर सावली नाही, पाणी नाही, आणि पांढरी जमीन ऊन खालूनही अंगावर फेकते. हवा इतकी कोरडी असते की घाम जाणवण्याआधीच उडून जातो. शरीरातून किती पाणी गेले, याचा त्यामुळे अंदाजच येत नाही. उष्णतेचा त्रास वाढला की विचारशक्ती मंदावते. म्हणजे परत फिरण्याचा निर्णय ज्या क्षणी घ्यायचा, त्याच क्षणी तो घेण्याची क्षमता कमी झालेली असते. जोडीदाराचे खरे महत्त्व येथे आहे. एकाला अस्वस्थ वाटले, तर दोघांनीही मागे फिरायचे. एकाने परतायचे आणि दुसऱ्याने पुढे जायचे, ही वाटणी या प्रदेशात करू नये.

माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, हे येथील सर्वसाधारण गणित. दोघांच्या तीन दिवसांच्या मुक्कामाला चोवीस लिटर झाले, आणि त्यात स्वयंपाक व धुणे-पुसणे धरलेले नाही. मात्र तासन्‌तास चालताना नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटून वेगळाच धोका उभा राहतो. खारे शेंगदाणे किंवा मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत सोबत असावे ते यासाठी.

लास व्हेगासहून मोटार भाड्याने घेऊन युटातील झायन व ब्राइस, तेथून ॲरिझोनातील ग्रँड कॅनियन, पुढे मोन्युमेंट व्हॅली, हा या भागातला रुळलेला मार्ग. नकाशावरील अंतरे मात्र फसवी आहेत. ग्रँड कॅनियनचे उत्तर आणि दक्षिण काठ सरळ रेषेत सरासरी सोळा किलोमीटरवर आहेत, पण मोटारीने एका काठावरून दुसऱ्यावर जायला सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा वळसा पडतो. युटात ग्रीन रिव्हर ते सलायना या गावांदरम्यानच्या सुमारे १७० किलोमीटरच्या महामार्गावर पेट्रोल पंप नाही.

उंचीचाही विचार करावा लागतो. डेथ व्हॅलीतील बॅडवॉटर हे ठिकाण समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, तर ब्राइसचा काठ अडीच हजार मीटरच्या आसपास. एकाच आठवड्यात हे दोन्ही मुक्काम होऊ शकतात. एप्रिलमध्ये डेथ व्हॅलीत दुपारी घामाघूम झालेले जोडपे ब्राइसला रात्री गोठणबिंदूखालच्या थंडीत कुडकुडते. जाड स्लीपिंग बॅग वाळवंटाच्या सहलीत कशाला, हा प्रश्न पहिल्या रात्रीनंतर कोणी विचारत नाही.

पाण्याचा दुसरा धोका त्याच्या अभावाचा नाही. या प्रदेशालाही मान्सून आहे. तो साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत बरसतो. आपल्यासारखी झड लावून नव्हे, तर थोड्याशा टापूत तासाभरात कोसळून. खडक आणि कडक माती पाणी शोषत नाही. सारा लोंढा अरुंद घळींमध्ये शिरतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅनियनमध्ये अशा लोंढ्याने अकरा पर्यटकांचा जीव घेतला. पाऊस पडला होता तो काही किलोमीटर वरच्या अंगाला. डोक्यावर निरभ्र आकाश आहे, हा भरवशाचा पुरावा नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रातील सपाट, मऊ वाळू तंबूसाठी मोहात पाडते, आणि नेमकी तीच जागा टाळायची असते. पुरामुळे बंद केलेल्या रस्त्यावरचा अडथळा ओलांडून मोटार घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची तरतूद ॲरिझोनाच्या कायद्यात आहे. तेथील लोक त्याला सरळ ‘मूर्ख मोटारचालकांचा कायदा’ म्हणतात.

तंबू कोठे टाकता येतो, हे जमीन कोणाची यावर ठरते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघीय विभागाच्या बऱ्याच मोकळ्या जमिनींवर चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते. तेथे नळ नसतो, शौचालय नसते, कचराही आपणच परत न्यायचा. राष्ट्रीय उद्यानांतील जागा हंगामात महिनोन्‌महिने आधी भरतात. मोन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅनियन नावाहो या मूलनिवासी राष्ट्राच्या भूमीवर आहेत. तेथे त्यांचे नियम आणि त्यांचे परवाने चालतात. अँटिलोप कॅनियनमध्ये तर नावाहो वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. घड्याळही वेगळे. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत उर्वरित ॲरिझोना पाळत नाही, नावाहो राष्ट्र पाळते. त्यामुळे ठरलेली फेरी चुकणारे पर्यटक नेहमीच भेटतात.

या भूमीतील सुमारे तीस टक्के घरांत आजही नळाचे पाणी नाही. कुटुंबे मोटारीत टाक्या ठेवून दूरवरून पाणी भरून आणतात. अशा ठिकाणी पोचल्यावर पाणी शोधण्यापेक्षा पेज किंवा फ्लॅगस्टाफ या शहरांतून निघतानाच आपले डबे भरून घ्यावेत.