घरची सरकी, बाजारची पिशवी

गावराणी कापसाच्या काळात नांदेडकडच्या शेतकऱ्याला कापसाचे बियाणे विकत आणावे लागत नसे. घरची सरकी शेणमातीत चोळून पेरली की झाले. गावराणी सरळ वाण होता. फुलात बहुतेक स्वतःचेच पराग पडायचे, त्यामुळे जनुकांच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या सारख्याच राहिल्या आणि लेकरू आईबापावरच गेले. निजामी राजवटीत याच कापसातून निवड करून सुधारित वाण काढले गेले. उस्मानशाही मिल उभी राहिली ती याच पट्ट्यात.

पुढे लांब धाग्यासाठी अमेरिकन कापूस आला. देशी कापसाच्या पेशीत 26 गुणसूत्रे, अमेरिकनच्या पेशीत 52. या दोघांचा संकर केला तर झाड सहसा वांझ निघते. म्हणून संशोधकांनी अमेरिकन कापसाच्याच दोन वाणांचा संकर करायला घेतला. 1970 मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून 1984 च्या सुमारास एनएचएच-44 बाहेर पडला. गावोगावी त्याचे नाव ‘नांदेड चव्वेचाळीस’. रसशोषक किडींना तो दाद देत नसे, आणि पावसाने ओढ दिली, पाते गळाले, तरी पुन्हा पाऊस झाला की नव्याने बहरायचा. कोरडवाहू मराठवाड्याला याहून मोठे देणे क्वचितच कुठल्या सरकारी केंद्राने दिले असेल.

हे बियाणे तयार होते बायांच्या बोटांनी. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखाने काढायचे, कळीला खूण करायची, आणि सकाळी नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग स्त्रीकेसरावर फिरवायचे. बियाणे प्लॉटवर हंगामभर असे एकेक फूल हाताळावे लागते. पिशवीची किंमत सगळे बोलतात, या मजुरीबद्दल फार थोडे.

संकराचा जोम मात्र एकाच पिढीचा. ती सरकी पुन्हा पेरली की मेंडेलने 1866 मध्ये मांडलेला नियम शेतात उभा राहतो: काही झाडे एका आजोबावर, काही दुसऱ्यावर, बरीच मधलीच कुठली तरी. मग दर खरिपाला नवी पिशवी आलीच. सोयाबीनकडे वळलेल्या लातूरच्या शेतकऱ्यावर ही वेळ आली नाही. सोयाबीनचे फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळते, म्हणून तिथे घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासून पेरा करता येतो.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला विषारी ठरणारे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि आपल्याकडे तो आला तोही संकरितच. बीटीचे जनुक दोनपैकी एकाच पालकाकडून आले असेल तर शेतातल्या प्रत्येक झाडात त्याची एकच प्रत असते. अशा झाडाच्या बोंडात सरकी तयार होताना ती प्रत वाटली जाते आणि सरासरी चारांतल्या एका दाण्यात ती येतच नाही. गुलाबी बोंडअळी खाते ती हीच सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी दाणाही मिळतो आणि बिनविषारीही. अशाने जिच्यात विष सोसायची थोडी उपजत ताकद असते ती अळी मरत नाही, आणि ती ताकद तिच्या पिढीत उतरते. लांबलेला हंगाम आणि बांधाभोवती न लावलेले बिगरबीटी बियाणे यांनी तिला आणखी वाव दिला. 2017 मध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात उभे पीक किडले, ते पाहिलेल्या माणसाला आनुवंशिकता समजावून सांगावी लागत नाही.

आता नांदेडच्याच केंद्राने, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून, एनएच-1901, 1902 आणि 1904 हे बीटीचे सरळ वाण दिले आहेत. यांत बीटीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असल्याने बोंडातली प्रत्येक सरकी सारखी, आणि तीच पुढच्या साली पेरता येते. बोंडअळीवरचा हा कायमचा उपाय मुळीच नाही, तिच्यात बीटीला प्रतिकार आलेलाच आहे. पण बियाण्याचा हक्क घरात परततो, ही गोष्ट माझ्या मते त्याहून मोठी.

बियाणे राखणाऱ्याने एक पथ्य पाळावे. मधमाश्या शेजारच्या संकरित कापसाचे पराग आणतात, तेव्हा बांधालगतच्या झाडांची सरकी घेऊ नये. रानाच्या मधोमध असलेल्या निरोगी झाडांची पहिल्या वेचणीची बोंडे वेगळी ठेवावीत. आणि विद्यापीठाने, महाबीजने हे बियाणे पेरणीआधी तालुक्याच्या दुकानात पोचवावे. वाण चांगला असूनही वेळेवर न मिळाला तर शेतकरी पुन्हा पिशवीकडेच जाईल.