पऱ्हाटी शेतात उभी, म्हणजे गुलाबी बोंडअळीला फुकटचं घर

कपाशीत अळी दिसली की सगळे अळीच्या मागे लागतात. पण तिची आई कुणी बघत नाही. ती असते जेमतेम एक सेंटिमीटरची, मातकट रंगाची पतंग. दिवसा मातीच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडून बसते अन् रात्री उडते.

मादी पाते, फुल आणि कोवळ्या बोंडावर शंभराच्या वर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते. सुरुवातीला पांढरट, डोकं तेवढं काळपट. गुलाबी रंग नंतर येतो. फुलात शिरली तर पाकळ्या चिकटून फुल उमलत नाही, यालाच डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली की खरी पंचाईत. आत जायचं छिद्र बुजून जातं, बोंड वरून हिरवंगार दिसतं आणि आत अळी सरकी खात असते. तोपर्यंत फवारा मारला तरी औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. वेचणीला हाती येते ती कवडी.

साधारण दोन आठवड्यांनी अळी बाहेर पडून माती-कचऱ्यात कोष करते, आठवडा-दहा दिवसांत पुन्हा पतंग. म्हणजे महिन्याभरात एक पिढी. 2006 ला आलेल्या बीजी-2 वाणालाही ती आता दाद देत नाही, 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने ते भोगलं.

हंगामाच्या शेवटची अळी मात्र वेगळी वागते. ती कोष न करता दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपते, अगदी पुढच्या पावसापर्यंत. ही झोप कुठे होते? बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, न फुटलेल्या बोंडांत, घरात साठवलेल्या कापसात, जिनिंगच्या सरकीत. फरदड घेतली तर तिला झोपायचीही गरज नाही, खायला समोरच आहे. दोन क्विंटल जादा कापसाच्या आशेने पुढच्या वर्षीचं पीक पणाला लागतं, हा सौदा काही परवडणारा नाही. मे महिन्यात लावलेल्या कपाशीचंही तसंच, जूनमध्ये उठलेल्या पतंगांना तिथं आयती फुलं मिळतात.

लागवडीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावा. त्यात नरच अडकतात, पण अंदाज येतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की वाट बघू नका. शिवाय शेतातली वीस हिरवी बोंडं फोडून बघा. दोनात अळी निघाली तरी फवारणीची वेळ झाली. डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्या शेताबाहेर न्या, बांधावर नको.