डोंगराची नाडी
कशेडीच्या बोगद्यात पाणी ठिबकताना दिसले, की गाडीतली मंडळी धास्तावतात. बोगदे तपासणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र पाण्याचे वावडे नाही. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला हा डोंगर काळ्या पाषाणाचा. भेगांतून पावसाळ्यात तो झिरपणारच. त्या पाण्याला नळ्यांतून गटारापर्यंत वाट मिळाली, म्हणजे झाले.

आमचे काम वैद्यासारखे. अस्तरावर हातोडीने ठोकायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आत पोकळी, तिथे खडूने खूण करायची. पुढे दाबाने सिमेंट भरून ती बुजवतात. गटारातले पाणीही पाहायचे. नितळ असेल तर चिंता नाही. गढूळ झाले तर डोंगर आतून माती सोडतो आहे. आणि वाहती नळी भर पावसात कोरडी पडली, तर आधी तिच्याकडे धावायचे. कोंडलेले पाणी अस्तरावर भार टाकते.

पाण्याचे हे बळ आमच्या मुलखाने पाहिले आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. गावामागच्या उतारावर हातोडी घेऊन कुणी फिरत नाही. तिथे तपासनीस आपणच. जमिनीला नवी भेग पडली, झरा गढूळला किंवा अचानक आटला, तर पोराबाळांना घेऊन आधी बाहेर पडा. सामान मागून आणता येते.