किनाऱ्यावरील गळ-मासेमारी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्यास समुद्रकिनारा लाभलेला नाही. तथापि करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाट उतरला की सिंधुदुर्गाची किनारपट्टी काही तासांच्या अंतरावर येते. पंचगंगेच्या काठी गळ टाकून बसण्याची सवय असलेली अनेक मंडळी सुटीच्या दिवशी हाच छंद घेऊन मालवण, देवगड वा वेंगुर्ल्याकडे वळतात. मात्र नदीचा अनुभव समुद्रावर पुरेसा ठरत नाही. नदीचे पाणी पावसाळा वगळता सहसा एका पातळीवर असते. समुद्राची पातळी दर काही तासांनी बदलते. नवशिक्याने पहिला धडा घ्यावयाचा तो याच गोष्टीचा होय.

भरती-ओहोटीचे गणित

एका भरतीनंतर दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते आणि दररोज तिची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा ठोकताळा प्रचलित आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. उदाहरणार्थ, चतुर्थीस तीनच्या सुमारास भरती, तर नवाच्या सुमारास ओहोटी. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी अधिक चढते व अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते व हा फरक कमी होतो. स्थळानुसार वेळेत अंतर पडत असल्याने छापील भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे व स्थानिक मच्छीमारांस विचारणे केव्हाही इष्ट.

मासे भरतीच्या पाण्याबरोबर खाद्याच्या शोधात किनाऱ्याजवळ येतात. म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा प्रारंभ हा काळ सामान्यतः अनुकूल मानला जातो. पहाट व संध्याकाळ या वेळा त्याच्याशी जुळल्यास अधिक उत्तम. खाडीचे मुख, धक्का व वाळू-खडकांचा संगम या जागा फलदायी ठरतात. बोय, मुडदुशी, शिंगाळा, तांबोशी हे मासे अशा ठिकाणी आढळतात.

साहित्य

प्रारंभी महागड्या साहित्याची आवश्यकता नाही. आठ ते दहा फुटांची मजबूत काठी, तंगूस गुंडाळण्यासाठी साधे रीळ, पंधरा ते वीस पौंड ताण सोसणारा तंगूस, लहान-मध्यम आकाराचे काही गळ आणि शिशाची वजने एवढे पुरेसे आहे. लाटा व प्रवाह यांमुळे नदीपेक्षा जड शिसे लागते. आमिष म्हणून नदीवर गांडूळ वा कणकेची गोळी चालते. समुद्रावर ताजी कोळंबी, तारलीचे तुकडे किंवा माकूल वापरावे. खाऱ्या पाण्याने धातू लवकर गंजत असल्याने परतल्यावर सर्व साहित्य गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे.

सुरक्षितता

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे सहलीस आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. घाटमाथ्यावरून येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने व पालकाने ही घटना स्मरणात ठेवावी. पोहता येणे म्हणजे समुद्र कळणे नव्हे. ओहोटीच्या वेळी खडकावर चालत गेलेला मनुष्य भरती चढताच परतीच्या वाटेस मुकतो. शेवाळलेल्या खडकावर उभे राहू नये, समुद्राकडे पाठ करू नये, एकट्याने जाऊ नये आणि परतण्याची वेळ आधीच ठरवावी. जून ते सप्टेंबर या काळात खडकांवरून गळ टाकणे टाळावे.

शिंगाळ्याचे काटे व पाकटाच्या शेपटीवरील काटा विषारी असतो. इजा झाल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा व तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. केंड मासा गळास लागल्यास तो खाऊ नये. त्याचे विष शिजवूनही नष्ट होत नाही.

नियम व सौजन्य

किनारा हा मच्छीमारांच्या उपजीविकेचे क्षेत्र आहे. रापण ओढली जात असता त्या पट्ट्यात गळ टाकू नये. मालवण येथे १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले असून तेथे जाण्यापूर्वी वन विभागाकडे निर्बंधांची चौकशी करावी. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये राज्यात मासेमारीचे नियमन होते, आणि २०२३ साली ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान निश्चित करण्यात आले आहे. त्याहून लहान मासा पाण्यात परत सोडणे हे उद्याच्या मासळीचे रक्षण आहे. तुटलेला तंगूस मात्र पाण्यात सोडू नये. तो वर्षानुवर्षे कुजत नाही व कासवे आणि पक्षी त्यात अडकतात.

या कामी किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींना मोठा वाटा उचलता येईल. धोक्याच्या जागा, दिवसाची भरती-ओहोटीची वेळ आणि ११२ हा साहाय्य क्रमांक दर्शविणारा एक फलक, तसेच टाकाऊ तंगुसासाठी एक पेटी, यांस फारसा खर्च येत नाही. घाटावरील शाळांनीही सहलीपूर्वी मुलांना तिथीवरून भरतीची वेळ काढावयास शिकवावी. गणिताचा हा छोटासा पाठ एखादा जीव वाचवू शकेल.